रानातले जनावर कोणाचे? अमेरिकेतील शिकार-परवाने आणि ‘रहिवासी’ या शब्दाचा इतिहास

१/
अमेरिकेतील कोणत्याही राज्याचा वन्यजीव कायदा उघडला की एक वाक्य थोड्याफार फरकाने सापडते: या राज्यातील वन्यप्राणी ही राज्याच्या जनतेची ठेव आहे. वाक्य उदात्त आहे. पण ‘जनता’ म्हणजे नेमके कोण, याचे उत्तर घोषवाक्यात मिळत नाही. ते शिकारीच्या आणि मासेमारीच्या परवान्यावरील ‘रहिवासी’ आणि ‘अनिवासी’ या दोन रकान्यांत मिळते. या दोन रकान्यांचा दोनशे वर्षांचा इतिहास पाहिला, तर मालकीची ही भाषा प्राण्यांच्या रक्षणाइतकीच माणसांना कुंपणाबाहेर ठेवण्यासाठी वापरली गेली, हे स्पष्ट होते. हा धागा त्या इतिहासाचा.

२/
आधी नियम. शिकार आणि मासेमारीचे परवाने केंद्र सरकार देत नाही, प्रत्येक राज्य स्वतंत्रपणे देते. रहिवाशाला स्वस्त, बाहेरच्याला कित्येक पट महाग. शिवाय मोठ्या जनावरांच्या परवान्यांत बाहेरच्यांची संख्या अनेकदा आधीच ठरलेली. रहिवासी ठरण्यासाठी काळाची अट असते: माँटानात सलग १८० दिवस, टेक्सास आणि कोलोरॅडोत सहा महिने, वायोमिंग आणि अलास्कात पूर्ण एक वर्ष. घर घेतले, नोकरी धरली, मुले शाळेत घातली, कर भरू लागले, तरी तोवर रानाच्या दृष्टीने तो माणूस उपराच.

३/
या कल्पनेचे मूळ इंग्लंडमध्ये आहे. तिथे रानातील शिकार ही राजाची मानली जाई आणि गरिबाने हरीण मारणे हा गंभीर गुन्हा ठरे. अमेरिकेने राजा नाकारला, पण राजाचा हा हक्क मात्र मोडीत काढला नाही. तो राज्यांच्या हाती सोपवला आणि राजाच्या जागी ‘जनता’ हा शब्द बसवला. मालक बदलला, मालकी तशीच राहिली. पुढच्या साऱ्या वादाचे बीज इथे आहे.

४/
पहिला मोठा खटला कालवांचा. न्यू जर्सीने १८२० मध्ये कायदा करून परराज्यातील लोकांना आपल्या पाण्यात कालवे काढण्यास बंदी घातली. डेलावेअर उपसागरात ‘हायरम’ नावाची नौका याच कारणाने जप्त झाली आणि १८२३ च्या ‘कॉरफिल्ड विरुद्ध कोरिएल’ या खटल्याचा निकाल न्यायमूर्ती बुशरॉड वॉशिंग्टन यांनी दिला. हे जॉर्ज वॉशिंग्टन यांचे पुतणे. एका राज्याच्या नागरिकाला दुसऱ्या राज्यात जाण्याचा, तिथे राहण्याचा, तिथे व्यापार करण्याचा मूलभूत हक्क आहे, असे त्यांनी याच निकालात नमूद केले. मात्र कालवे त्या यादीत बसली नाहीत. ती न्यू जर्सीच्या नागरिकांची सामाईक मालमत्ता, आणि सामाईक मालमत्तेत परक्याला हिस्सा नाही, असे ठरले.

५/
पुढची पायरी व्हर्जिनियाची. तेथील वेअर नदीच्या भरतीच्या पाण्यात कालवांची लागवड केली म्हणून मेरीलँडच्या मॅक्रेडी नावाच्या नागरिकाला ५०० डॉलर दंड झाला. १८७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. नदीचा तळ आणि त्यातील मासळी राज्याच्या लोकांची, म्हणून ती वापरण्याचा हक्क हा मालमत्तेचा हक्क आहे. नागरिकत्वाचा नव्हे, असे कारण दिले गेले. दोन राज्यांच्या मध्ये एकच चेसापीक उपसागर, त्यात खेळणारे पाणीही एकच. तरी काठ बदलला की माणूस परका.

६/
मग आले १८९६ हे वर्ष. ‘गीर विरुद्ध कनेटिकट’ या खटल्यातील पक्षी कायदेशीर हंगामात, कायदेशीर रीतीने मारलेले होते. ते राज्याबाहेर नेण्याच्या हेतूने जवळ बाळगले, एवढाच गुन्हा. न्यायमूर्ती एडवर्ड व्हाइट यांनी राज्याच्या बाजूने निकाल दिला: शिकारीचे प्राणी राज्य आपल्या जनतेसाठी विश्वस्त म्हणून सांभाळते, म्हणून मारलेल्या पक्ष्यावरही राज्य अटी लादू शकते. न्यायमूर्ती फील्ड आणि हार्लन यांनी असहमती नोंदवली. तरीही पुढची ऐंशीहून अधिक वर्षे हा निकाल राज्यांच्या मालकीहक्काचा आधारस्तंभ राहिला.

७/
त्याच वर्षी, काही आठवड्यांच्या अंतराने, त्याच व्हाइट यांनी आणखी एक निकाल लिहिला. तो ‘गीर’च्या शेजारी ठेवूनच वाचला पाहिजे. बॅनॉक जमातीच्या रेस हॉर्स या शिकाऱ्याने १८९५ मध्ये वायोमिंगमध्ये सात एल्क मारले होते. १८६८ च्या तहाने संयुक्त संस्थानांच्या मोकळ्या जमिनीवर शिकार करण्याचा हक्क त्याच्या लोकांना लेखी दिला होता. न्यायालय म्हणाले, १८९० मध्ये वायोमिंग राज्य झाले, तेव्हाच तो हक्क संपला. नवे राज्य जुन्या राज्यांच्या बरोबरीचे; म्हणून रानावर त्याचा शब्द अखेरचा.

८/
दोन्ही निकाल एकत्र वाचल्यावर ‘जनतेची ठेव’ या शब्दांचा खरा अर्थ उलगडतो. पिढ्यान्‌पिढ्या त्या डोंगरांत शिकार करणारा बॅनॉक माणूस जनतेत मोडत नव्हता. सहा वर्षांपूर्वी जन्मलेले राज्य मात्र त्या एल्कचे विश्वस्त झाले होते. भूमिपुत्र कोण, हे भूमीने ठरवले नाही. ते नव्याने आखलेल्या सरळ रेषांनी ठरवले. वायोमिंगचा नकाशा पाहावा. त्याच्या चारही सीमा पट्टीने ओढल्यासारख्या आहेत. कोणताही एल्क त्या पाळत नाही.

९/
मालकीचा युक्तिवाद एकदा मान्य झाला की तो केवळ शेजारच्या राज्यापुरता थांबत नाही. पेनसिल्व्हेनियाने १९०९ मध्ये कायदा केला: नागरिकत्व न मिळालेल्या परदेशी जन्माच्या रहिवाशाने वन्यप्राणी मारू नयेत आणि शॉटगन किंवा रायफलही बाळगू नये. रोख कोणावर होता, हे सांगण्याची गरज नव्हती. खाणींत आणि पोलादाच्या कारखान्यांत दक्षिण आणि पूर्व युरोपातून आलेले मजूर भरलेले होते. पॅटसोन या इटालियन माणसाने दाद मागितली. १९१४ मध्ये न्यायमूर्ती होम्स यांनी कायदा वैध ठरवला. विशिष्ट वर्गापासून धोका आहे असे विधिमंडळाला वाटले, तर ते चुकीचे म्हणणे न्यायालयाचे काम नाही, असा त्या निकालाचा सूर होता. पॅटसोन पेनसिल्व्हेनियातच राहत होता. तरी तो ‘जनता’ नव्हता.

१०/
याहून उघड उदाहरण कॅलिफोर्नियाचे. तोराओ ताकाहाशी १९०७ मध्ये जपानहून आले आणि १९१५ पासून १९४२ पर्यंत परवाना घेऊन समुद्रात मासेमारी करत राहिले. युद्धकाळात जपानी वंशाच्या इतरांप्रमाणे त्यांनाही किनाऱ्यावरून हलवले गेले. १९४३ मध्ये राज्याने जपानी परदेशीयांना मासेमारीचा परवाना नाकारणारा कायदा केला. १९४५ मध्ये ‘जपानी’ शब्द काढून ‘नागरिकत्वास अपात्र व्यक्ती’ असे सभ्य शब्द घातले. त्या काळच्या कायद्याने जपानी स्थलांतरितांना नागरिकत्व मिळूच शकत नव्हते. युद्धानंतर परतलेल्या ताकाहाशींना परवाना मिळाला नाही.

११/
राज्याने आपल्या बचावात काय मांडले? मासे ही कॅलिफोर्नियाच्या जनतेची मालमत्ता आहे आणि राज्य तिचे विश्वस्त आहे. कालवांचा, पक्ष्यांचा आणि एल्कचा तोच जुना युक्तिवाद! ७ जून १९४८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक यांच्या निकालानुसार, किनाऱ्याजवळच्या मासळीवरील तथाकथित मालकीच्या आधारे कायदेशीररीत्या राहणाऱ्या माणसाचे पोट मारण्याचा अधिकार राज्याला मिळत नाही.

१२/
त्याच दिवशी दुसराही निकाल आला. साउथ कॅरोलिना आपल्या पाण्यात कोळंबी पकडणाऱ्या रहिवाशाच्या नौकेला २५ डॉलर आणि परराज्यातील नौकेला २५०० डॉलर शुल्क लावत होती, म्हणजे शंभर पट. जॉर्जियाच्या मच्छीमारांनी ‘टूमर विरुद्ध विट्सेल’ हा खटला लढवला आणि ते जिंकले. राज्याची मालकी हे एक कल्पित आहे, संपत्ती जपण्याचा अधिकार राज्याला असावा या विचाराचे ते संक्षिप्त रूप आहे, असे मुख्य न्यायमूर्ती व्हिन्सन यांनी सुनावले. १९७९ मध्ये ओक्लाहोमातून राज्याबाहेर नेल्या जाणाऱ्या, गळाला लावायच्या लहान माशांच्या खटल्यात न्यायालयाने ‘गीर’चा निकालही रद्द केला. मालकीचा सिद्धांत कायद्यात तरी संपला.

१३/
पण पुरण्याआधीच त्याच्यासाठी एक खिडकी उघडी ठेवली गेली होती. ती १९७८ ची, ‘बाल्डविन विरुद्ध माँटाना’ या खटल्याची. १९७६ च्या हंगामात माँटानाचा रहिवासी ९ डॉलरांत एल्कचा परवाना घेई. बाहेरच्याला केवळ एल्कचा परवाना मिळतच नसे. एल्क, हरीण, काळे अस्वल, पक्षी आणि मासे यांचा एकत्रित परवाना २२५ डॉलरांना घ्यावा लागे. तोच संच रहिवाशाला ३० डॉलरांत मिळे. एल्कपुरता विचार केला तर पंचवीस पट, संचाचा केला तर साडेसात पट.

१४/
न्यायालयाने सहा विरुद्ध तीन अशा मतांनी माँटानाला उचलून धरले. न्यायमूर्ती ब्लॅकमन यांचे कारण असे: एल्कची शिकार हा छंद आहे, उपजीविका नव्हे, तो संघराज्याच्या एकतेशी जोडलेला मूलभूत हक्क नाही, म्हणून राज्याने समान वागणूक द्यायला हवी असे नाही. गंमत अशी, की दावा करणाऱ्यांत लेस्टर बाल्डविन हे स्वतः माँटानाचेच होते. शिकाऱ्यांना रानात नेणारे वाटाडे. त्यांचे पोट बाहेरून येणाऱ्यांवरच होते. न्यायमूर्ती ब्रेनन यांनी असहमतीत नेमके मर्मावर बोट ठेवले: हक्क मूलभूत आहे की नाही, हा प्रश्न दुय्यम, बाहेरच्याशी भेदभाव करण्यास राज्याकडे खरे, संबंधित कारण आहे काय, हा मुख्य.

१५/
या निकालाने विचित्र परिस्थिती निर्माण केली. व्यापारासाठी कोळंबी धरणाऱ्याला संरक्षण आहे. वर्षातून एकदा घरच्या शीतपेटीसाठी एल्क मारणाऱ्याला नाही. बाजारात विकणारा समान, घरी खाणारा असमान! ज्या मालकीला १९४८ मध्ये कल्पित म्हटले, १९७९ मध्ये अमान्य केले, तीच ‘छंद’ या शब्दामागे लपून परवान्यांत टिकून राहिली.

१६/
आणखी एक प्रयत्न झाला. ॲरिझोनाने एल्क आणि हरणांच्या काही परवान्यांत बाहेरच्यांचा वाटा १० टक्क्यांपुरता मर्यादित केला होता. न्यू मेक्सिकोतील व्यावसायिक शिकारी न्यायालयात गेले. २००२ मध्ये केंद्रीय अपील न्यायालयाने सांगितले की या मर्यादेचा आंतरराज्य व्यापारावर परिणाम होतो. राज्याने तिचे कठोर कसोटीवर समर्थन केले पाहिजे. पश्चिमेकडील राज्ये हादरली आणि त्यांनी काँग्रेसकडे धाव घेतली.

१७/
मे २००५ मध्ये काँग्रेसने तो अडथळा दूर केला. राज्यांनी रहिवासी आणि अनिवासी असा भेद करणे हे व्यापाराच्या कलमाचे उल्लंघन मानू नये, अशी तरतूद सिनेटर हॅरी रीड यांच्या पुढाकाराने कायद्यात आली. ती कोणत्या विधेयकात बसवली? सैन्याचा जादा खर्च आणि त्सुनामीग्रस्तांची मदत यांसाठीच्या निधी-विधेयकात. डिसेंबर २००४ मध्ये तमिळनाडूच्या किनाऱ्यावर आदळलेल्या त्याच त्सुनामीच्या. युद्ध आणि आपत्ती यांच्या मधल्या कोपऱ्यात एल्कच्या परवान्याचा प्रश्न उरकला गेला.

१८/
राज्यांची बाजू पोकळ नाही, हेही सांगितले पाहिजे. जनावरे मर्यादित आहेत. हिवाळ्यात गवताच्या गंजी फस्त करणारे एल्क स्थानिक शेतकऱ्याच्याच कुंपणात घुसतात. सगळे दार उघडले, तर दूरच्या शहरांतील पैसेवाले रान व्यापतील आणि गावातल्या मजुराला वर्षाचे मांस मिळणार नाही. ही भीती खरी आहे. म्हणूनच ठरावीक कोटा किंवा वाजवी जादा शुल्क, एवढ्यावर कोणाची तक्रार असण्याचे कारण नाही. तक्रार आहे ती खर्चाच्या हिशेबाऐवजी मालकीच्या हक्कावर उभ्या राहिलेल्या नियमांबद्दल.

१९/
हिशेबच मांडायचा तर पूर्ण मांडावा. बहुतेक राज्यांतील वन्यजीव खाती सर्वसाधारण करांवर चालत नाहीत. त्यांचा मुख्य आधार परवान्यांचे शुल्क आणि केंद्राकडून येणारा निधी. हा निधी १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यातून येतो. लांब बंदुका आणि काडतुसांवर देशभर ११ टक्के उत्पादन-कर आहे आणि त्याचे वाटप निम्मे राज्याच्या क्षेत्रफळावर, निम्मे परवानाधारकांच्या संख्येवर होते. मासेमारीच्या साहित्यावरील करासाठी १९५० पासून असाच कायदा आहे. ओहायोत काडतूस विकत घेणारा माणूस वायोमिंगच्या एल्कचा खर्च उचलतो. ‘आमच्या पैशाने आम्ही वाढवलेली जनावरे’ हे वाक्य अर्धेच खरे आहे.

२०/
जमिनीचेही तसेच. नेवाडाची सुमारे चार पंचमांश आणि वायोमिंगची जवळजवळ निम्मी जमीन केंद्र सरकारची, म्हणजे प्रत्येक अमेरिकन नागरिकाची आहे. तरीही वायोमिंगचा नियम असा: केंद्राने राखलेल्या निबिड अरण्यात बाहेरच्याने मोठ्या जनावराची शिकार करायची, तर परवानाधारक वाटाड्या किंवा स्थानिक सोबती हवाच. कारण दिले जाते सुरक्षिततेचे. पण त्याच अरण्यात बाहेरचा माणूस एकटा भटकंती करू शकतो, तंबू ठोकू शकतो, मासे धरू शकतो. शायनमधील ज्याने डोंगर कधी पाहिला नाही, त्याला वाटाड्या नको. कोलोरॅडोच्या शिखरांवर आयुष्य काढलेल्याला हवा. याला सुरक्षितता म्हणत नाहीत. ही वाटाड्यांच्या धंद्याला दिलेली हमी आहे.

२१/
सर्वांत दुबळा भाग मात्र प्रतीक्षेचा. चढे शुल्क पाहुण्याला लागते. प्रतीक्षा लागते ती घर हलवून आलेल्याला. नव्या राज्यात आलेली परिचारिका किंवा शिक्षक जुन्या राज्याचे रहिवासी उरत नाहीत आणि नव्याचे झालेले नसतात. तेवढ्या काळापुरते पन्नासही राज्यांत ते ‘अनिवासी’. इतर बाबतींत सर्वोच्च न्यायालयाने हे खपवून घेतलेले नाही. १९७२ मध्ये टेनेसीची मतदानासाठी वर्षभराच्या वास्तव्याची अट रद्द झाली. १९८२ मध्ये अलास्काची, वास्तव्याच्या वर्षांनुसार तेलाचा लाभांश वाटण्याची योजना रद्द झाली. १९९९ मध्ये कॅलिफोर्नियाने नव्या रहिवाशांना पहिले वर्षभर जुन्या राज्याइतकीच मदत देण्याचा नियम रद्द झाला. राज्यपाल निवडण्यास जो पात्र, तो ट्राउट धरण्यास अपात्र, हे कोणत्या न्यायाने?

२२/
यावर उत्तर मिळते: काळाची अट नसेल तर लबाड लोक खोटे पत्ते देतील. लबाडी होते, यात शंका नाही; सुट्टीचे घर घेऊन स्वस्त परवाना उकळणारे असतातच. पण खरी परीक्षा कायद्यात आधीच आहे. माँटाना परवान्यासाठी विचारते: प्राप्तिकर रहिवासी म्हणून इथे भरता काय, वाहन इथे नोंदवले काय, मतदार असाल तर इथलेच आहात काय, दुसऱ्या राज्यात रहिवाशाचा लाभ घेता काय? या चार प्रश्नांत खोटा माणूस सापडतो. दिनदर्शिकेत सापडत नाही. उलट खरा माणूस अडकतो. बदली होऊन आलेल्या सैनिकांना अनेक राज्ये सवलत देतात. म्हणजे अट वाकवता येते, हे राज्यांनाही ठाऊक आहे.

२३/
आणि शेवटी पुन्हा वायोमिंग. जानेवारी २०१४ मध्ये क्रो जमातीचे क्लेव्हिन हेरेरा माँटानातील आपल्या राखीव प्रदेशातून एल्कच्या कळपामागे निघाले आणि बिगहॉर्न राष्ट्रीय वनात, राज्याची सीमा ओलांडून, त्यांनी शिकार केली. वायोमिंगने खटला भरला; आधार रेस हॉर्सच्या १८९६ च्या निकालाचा. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरवले की १८६८ मध्ये क्रो लोकांशी झालेला तह राज्य स्थापन झाल्याने संपला नाही. एकशे तेवीस वर्षांनी जुना निकाल बाजूला सारला गेला.

२४/
कालवे, पक्षी, कोळंबी, एल्क. प्रत्येक वेळी ‘आमच्या लोकांची ठेव’ असेच म्हटले गेले आणि प्रत्येक वेळी कोणीतरी ‘आमच्या लोकांतून’ वगळला गेला: शेजारी, इटालियन मजूर, जपानी कोळी, बॅनॉक शिकारी, काल गावात आलेली परिचारिका. आजचा चढा परवाना आणि ताकाहाशींवरील अन्याय एकाच मापाचे नाहीत. पण दोन्हींचा आधार एकच आहे, आणि तो आधार न्यायालयानेच कल्पित ठरवला आहे.

२५/
मग काय असावे? जनावरांची संख्या पाहून कोटा असावा. बाहेरच्याचे शुल्क जास्त असावे, पण ते खर्चाच्या हिशेबाने उघडपणे मांडलेले असावे. केंद्राच्या अरण्यात वाटाड्याची सक्ती करायची तर सर्वांना, नाहीतर कोणालाच नको. ज्याने कर, वाहन आणि मत नव्या राज्यात आणले, त्याला पहिल्या दिवसापासून रहिवासी मानावे. विश्वस्ताने ठेव सांभाळायची असते. ठेव कोणाची, हे ठरवण्याचा हक्क सांभाळण्यातून मिळत नाही. राज्यांनी १८९६ मध्ये विश्वस्त हा शब्द स्वीकारला. त्याचा हिशेब ती अजून देणे लागतात.